अर्धा घोडा

बाळाचं वजन, पोराचे टक्के, जावयाचा पगार आणि इंजिनाची हॉर्सपॉवर, एवढं विचारल्याशिवाय आमच्या कोल्हापुरात पाहुणा चहाला हात लावत नाही. पहिल्या तिन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार असतात, कारण त्यांत थोडीफार भर घालायचा सराव आहे. चौथ्या प्रश्नाला मात्र मी उघडा पडलो.

इंजिन माझंच. बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालो तेव्हा सगळ्यांनी सकाळी फिरायला जायचा सल्ला दिला. मी फिरत फिरत उद्यमनगरात जायचो आणि तिथेच बसायचो. एका फौंड्रीतून बिडाचं चाक ओतून आणलं, लेथवाल्याच्या हातापाया पडून पितळेचा सिलिंडर बोअर करून घेतला आणि आठ महिन्यांत वाफेचं एक छोटं इंजिन उभं केलं. उभं केलं म्हणजे कानस मी मारली, आणि जिथे जास्त मारली गेली तो भाग पुन्हा लेथवाल्याकडे मीच नेला. सिलिंडरचा बोअर २० मिलिमीटर, स्ट्रोक २५, चाक १०० मिलिमीटरचं, म्हणजे बरोब्बर पुरीएवढं. अख्खं इंजिन बुटाच्या खोक्यात मावतं. आमच्या हिच्या मते त्याची जागाही तीच.

वाफेच्या इंजिनाला वाफ लागते. त्यावर घरात झालेली चर्चा अशी :

"कुकर..."

"नाही."

"मी अजून काही बोललोच नाही."

"कुकर म्हणालात."

तेव्हा आमचं वाफेचं इंजिन हवेवर चालतं. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. खाली दोन दुकानं आहेत : एक दाजींचं पंक्चरचं आणि दुसरं अण्णांचं सलून. दाजींच्या कॉम्प्रेसरची नळी गॅलरीतून वर घेतली आणि २ किलो हवा सोडली की इंजिन असं काही पळतं की टीपॉयवरचा चष्मा चालत चालत कडेपर्यंत येतो. मात्र खाली एखादी मोटारसायकल आली की दाजी नळी काढून घेतात. त्यामुळे इंजिन बंद पडलं की माझ्या कारागिरीला कुणी नाव ठेवत नाही. सगळे गॅलरीतून वाकून कुणाचं चाक बसलं ते बघतात.

तर एके दिवशी आमचे मेहुणे आले. कागलकडे त्यांचं उसाचं रान आहे आणि विहिरीवर पाचची मोटर. त्यांनी इंजिन फिरताना पाहिलं, चष्मा पडताना पाहिला आणि विचारलं,

"भावजी, किती एचपीचं म्हणायचं हे?"

चौतीस वर्षं मी दोनदा मोजल्याशिवाय कुणाच्या हातावर एक नोट ठेवली नाही. पण त्या दिवशी तोंडातून गेलं, "असेल अर्धा."

"अर्धा? मग गच्चीवरच्या टाकीला लावा की!"

मी गालातल्या गालात हसलो. कुणीतरी आपल्याला कमी समजतंय पण आपण मोठ्या मनाने बोलत नाही, अशा वेळी हसतात तसं. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी मी पाट्या कोरणाऱ्याकडून एक पितळी पट्टी करून आणली आणि इंजिनाच्या बैठकीवर दोन स्क्रूंनी बसवली. पट्टीवर कोरलं होतं : १/२ एच.पी.

महिन्याभराने पुतण्या सुट्टीला आला. तो मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने आधी इंजिन पाहिलं, मग पट्टी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट. ह्यावर चटणी वाटून दाखवा."

आणि त्याने कॅलेंडरचं पान उलटं करून मागच्या बाजूला गणित मांडलं. दाब २ किलो धरू. पिस्टनचं तोंड ३.१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पिस्टनवर ६.२८ किलोचा जोर. तो एका खेपेला २५ मिलिमीटर सरकतो. हवा दोन्ही बाजूंनी ढकलते, म्हणून एका फेरीत दोन खेपा. मिनिटाला ६०० फेऱ्या धरू. उत्तर : ३१ वॅट. इंजिनियर लोक धरू-धरू म्हणत केवढे पूल बांधतात, हे मला त्या दिवशी कळलं.

"हे सुद्धा कागदावरचं," तो म्हणाला. "ह्यातलं गळतीत, घर्षणात किती जाईल ते मोजल्याशिवाय कळायचं नाही."

मोजल्याशिवाय! हा शब्द माझ्यापुढे उच्चारायला नको होता. संध्याकाळी पाच रुपयांचा फरक आला तर रात्री नऊपर्यंत अख्ख्या शाखेला बसवून ठेवणारा माणूस मी. माझ्याच घरात ३७३ आणि ३१ अशा दोन बाकी लागल्या होत्या.

मी आधी हा घोडा कुठून आला त्याचा शोध घेतला. म्हटलं, निदान मापात तरी काही फट सापडेल. सापडलं ते भलतंच. १७०२ साली थॉमस सेव्हरी नावाच्या इंग्रज गृहस्थाने खाणीतलं पाणी उपसण्याच्या आपल्या यंत्राची तारीफ करणारं पुस्तक छापलं. त्याचा हिशेब असा : यंत्र दोन घोड्यांइतकं पाणी उपसतं, पण ते दोन घोडे पाळीपाळीने बदलायला तबेल्यात दहा-बारा बाळगावे लागतात, म्हणून यंत्राचं काम दहा-बारा घोड्यांचं. हे वाचून मला फार बरं वाटलं. माझा अर्धा घोडा अगदी परंपरेला धरून होता.

नंतर जेम्स वॅट आला. त्याने १७८०च्या दशकात गिरणीच्या घोड्यावरून हिशेब मांडला. घोडा २४ फूट व्यासाच्या रिंगणात तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंडांचा जोर लावतो. गुणाकार केला तर मिनिटाला ३२,५७२ फूट-पौंड होतात. वॅटने लिहिले ३३,०००. वरचे ४२८ कुठून आणले? कुणी विचारलं नाही. मी बँकेत असा वरचा ४२८चा आकडा लिहिला असता तर निलंबित झालो असतो. त्याने लिहिला आणि त्याचं नाव जगातल्या प्रत्येक बल्बवर छापलं जातं.

असो. मोजायची पहिली तऱ्हा पुतण्याने सुचवली ती सगळ्यात सोपी. वजन उचलायचं, किती उंच उचललं आणि किती सेकंदांत ते बघायचं, की झालं. इंजिन गॅलरीच्या कठड्याला शिकंज्याने आवळलं. चाकाच्या दांड्याला नायलॉनची बारीक दोरी बांधून खाली सोडली. वजन म्हणून घरातलं अधिकृत १ किलोचं एकच होतं : मिठाची पिशवी. गॅलरी ते फरशी ३ मीटर. खाली दाजी कॉकवर, वर पुतण्या मोबाइलमधलं घड्याळ धरून, आणि मी देखरेखीला.

पहिल्या वेळी मीठ १३ सेकंदांत वर आलं. आमच्या घरात इंजिनाने केलेलं हे पहिलं उपयुक्त काम. दुसऱ्या वेळीही १३. तिसऱ्या वेळी मीठ निम्म्या वाटेवर असताना पुतण्याला कुणाचा तरी फोन आला, घड्याळ गेलं, तो "अगं, नंतर करतो" म्हणाला (हे 'अगं' आमच्या हिने आतून ऐकलं आणि तिची चौकशी पुढे दोन दिवस स्वतंत्र चालली). या गडबडीत हवा बंद करायला सांगायचं राहिलं. पिशवी वर आली, कठड्याला टेकली, तरी इंजिन दोरी गुंडाळतच राहिलं. पिशवीचा कान फाटला.

त्याच वेळी अण्णांच्या सलूनमधून एक गिऱ्हाईक बाहेर पडत होतं. नुकतीच गुळगुळीत दाढी झालेली, गालावरून तुरटी फिरवलेली, एक-दोन ठिकाणी ओरखडा. जखमेवर मीठ चोळणं हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरता वापरला होता.

"कोण हाय रे वर?" खालून गर्जना झाली.

"काका आहेत," पुतण्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं.

अण्णांनी गिऱ्हाइकाला परत आत नेऊन तोंड धुऊन दिलं, वर मालिश फुकट केली आणि मालिशचे पैसे माझ्या नावावर मांडले. माझ्या वहीत मी मांडलं : सव्वादोन वॅट.

"सव्वादोन?" मी म्हणालो. "तू ३१ म्हणाला होतास."

"काका, त्याला पुरेसं ओझंच नव्हतं. कमी ओझ्यावर ते नुसतं पळतंय."

मग त्याने जे समजावलं ते ऐकून मी थक्क झालो. इंजिनाला काहीच ओझं दिलं नाही तर ते जिवाच्या आकांताने पळतं, पण बाहेर काम शून्य. झेपणार नाही इतकं ओझं दिलं तर ते सगळा जोर लावून उभं राहतं, तेव्हाही काम शून्य. खरी पॉवर या दोघांच्या मध्ये कुठेतरी. मला हे यंत्रशास्त्र आधीपासून माहीत होतं, फक्त नाव माहीत नव्हतं. आमच्या शाखेत एक गृहस्थ दिवसभर फायली घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर धावत असत, आणि दुसरे एक लेजर उघडून त्यावर दोन्ही कोपरं रोवून कपाळाला आठ्या घालून बसत. दोघांनाही बढती मिळाली.

दुसरी तऱ्हा दाजींची. त्यांनी माळ्यावरून सायकलचा जुना डायनामो काढला. त्याचं गोंडस डोकं इंजिनाच्या चाकाला टेकवलं, तारा बल्बला जोडल्या आणि बल्ब लागला. मिणमिणता का होईना, पण लागला! दाजींना इतका आनंद झाला की त्यांनी दुकानाकडे पाठ करून ते बराच वेळ बघितलं. पुतण्याने मीटर लावला. व्होल्ट गुणिले अँपिअर : १.१ वॅट.

"पण डायनामो स्वतःच निम्म्याहून जास्त खातो," पुतण्या म्हणाला.

"व्हय, खातोय तर," दाजी म्हणाले. "चढाला लई खायचा. मी काढून टाकला तो त्यासाठीच की!"

एव्हाना गल्लीत बातमी पसरली होती. समोरच्या तालमीतला एक पैलवान आला, "बघू," म्हणाला आणि फिरत्या चाकावर अंगठा टेकवला. इंजिन चूप. पुन्हा सोडलं, पुन्हा टेकवला. मग अंगठ्याचं तेल माझ्याच टॉवेलला पुसत निकाल दिला, "दम हाय, पण खुराक कमी पडालाय." शास्त्रीय भाषेत तो बरोबर होता, हे नंतर कळलं.

वहीत आता ३७३, ३१, २.२५ आणि १.१ असे चार आकडे झाले होते. यातला एकही दुसऱ्याशी बोलायला तयार नव्हता. मला झोप लागेना. रात्री दोन वाजता उठून मी पाणी प्यालो, तर ही अंधारातून म्हणाली, "टॅली होत नाही ना?" लग्नाला अडतीस वर्षं झाल्यावर माणसाला मीटर लावावा लागत नाही.

मार्ग निघाला तो एका फ्रेंच गृहस्थामुळे. गास्पार द प्रोनी त्यांचं नाव. १८२१ साली त्यांनी इंजिनाची पॉवर मोजायचा ब्रेक काढला. कल्पना इतकी साधी की आपल्याला का सुचली नाही म्हणून राग यावा. चाकाला घासणारं काहीतरी आवळायचं, त्याला चाक किती जोराने ओढतंय ते काट्यावर वाचायचं आणि त्याच क्षणी फेऱ्या मोजायच्या. याच प्रोनीसाहेबांची आणखी एक गोष्ट सांगतात. त्यांना लॉगॅरिदमची प्रचंड मोठी कोष्टकं करायची होती आणि बेरीज-वजाबाकीला माणसं हवी होती. राज्यक्रांतीत सरदारांची डोकीच उडाल्यामुळे त्या डोक्यांवरचे केसांचे टोप सजवणारे कारागीर बेकार झाले होते. प्रोनींनी त्यांनाच आकडेमोडीला बसवलं, म्हणे.

ही गोष्ट मी अण्णांना सांगितली. मिठाच्या प्रकरणानंतर ते माझ्याशी बोलत नव्हते. एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात कुणाचं तरी डोकं धरून त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"म्हणजे तवापास्नं हिशेब आमच्याकडंच हाय म्हणा की," ते म्हणाले. आणि प्रयोगाला सलून मिळालं.

सलूनच हवं होतं. कारण फेऱ्या मोजायच्या होत्या आणि आमच्या इमारतीत चोकची जुनी ट्यूबलाइट फक्त अण्णांच्या आरशावर उरली होती. हे जरा सांगायला हवं. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते कळत नाही. पण फिरत्या चाकाला कळतं. चाकावर सारख्या अंतरावर दहा पांढऱ्या रेघा मारल्या आणि चाक मिनिटाला बरोब्बर ६०० फेऱ्यांनी फिरलं, की सेकंदाला १०० रेघा आपल्यासमोरून जातात, आणि त्या उजेडात सगळ्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. ऑनलाइन टॅकोमीटर मिळतो, हे मलाही ठाऊक आहे. पण या इंजिनावर एकूण किती खर्च झाला, हे आमच्या घरात अजून मोजलं गेलेलं नाही आणि ते तसंच राहावं अशी माझी इच्छा आहे.

सोमवारी सलून बंद असतं. त्या दिवशी दुपारी फिरत्या खुर्चीसमोरच्या फळीवर, पावडरचे डबे बाजूला सारून, इंजिन बसवलं. वर टॉवेलच्या खुंटीला ताणकाटा अडकवला. त्याला सुतळी बांधून तिचा चाकाभोवती एक पूर्ण वेढा घेतला आणि खालच्या टोकाला वाण्याकडून मागून आणलेलं २५० ग्रॅमचं माप लटकवलं. दाजींची नळी मागच्या खिडकीतून आत. प्रेक्षक म्हणून पैलवान, वाणी (आपलं माप परत मिळेल ना या काळजीने), आणि शेजारच्या बिल्डिंगमधले निवृत्त इंजिनियर साहेब. साहेबांनी आयुष्यभर कालवे काढले होते. ते आल्या आल्या फिरत्या खुर्चीत बसले आणि शेवटपर्यंत उठले नाहीत.

पहिल्या प्रयत्नात इंजिन उलटं सुटलं. सुतळी कचकन आवळली, ताणकाटा खुंटीसकट खाली आला आणि तुरटीच्या वाटीत पडला. दुसऱ्या प्रयत्नात सिलिंडरमधलं तेल सुतळीला लागलं आणि ती इतकी बुळबुळीत झाली की चाकाला वेढा आहे हे चाकाच्या गावीच नव्हतं. तेलाचे थेंब आरशावर एका ओळीत उडाले. तिसऱ्यांदा सगळं जमलं आणि बाहेर स्कूटर आली. दाजी नळी काढायला निघाले तेव्हा अण्णांनीच दारातून ओरडून सांगितलं, "आज हवा मिळायची न्हाई, शास्त्र चाललंय!"

चौथ्या वेळी चाक फिरायला लागलं, वजन तरंगलं आणि रेघा धूसर झाल्या. पुतण्याने कॉक केसभर फिरवला. धुकं विरळ व्हावं तसं चाकावरून काहीतरी सरकलं आणि दहा रेघा दिसायला लागल्या. आधी त्या हळूहळू पुढे चालत होत्या, मुंगी चालते तशा. कॉक आणखी थोडा मागे. रेघा मंदावल्या, थांबल्या, आणि जरा मागे चालायला लागल्या. पुन्हा पुढे, आणि थांबल्या. चाक गरगरतंय, सुतळीतून गरम तेलाचा वास येतोय, आणि रेघा मात्र रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या स्थिर. सलूनमध्ये कुणी बोलेना. पैलवानाने अंगठा पुढे केला होता, तोही मागे घेतला.

"काटा?" पुतण्या म्हणाला.

"सत्तर ग्रॅम," मी वाचलं. नोटा मोजताना यायचा तसाच आवाज आला माझा.

२५० वजा ७०, म्हणजे १८० ग्रॅमचा जोर. सुतळीची जाडी धरून त्रिज्या ५.१ सेंटिमीटर. फेऱ्या ६००. पुतण्याने पाढे म्हटले आणि सांगितलं, "पाच पूर्णांक सात वॅट."

"चूक," खुर्चीतून साहेब म्हणाले.

साहेबांचं म्हणणं होतं की बाराशे फेऱ्यांनाही रेघा अशाच उभ्या दिसतील. तेव्हा पॉवर दुप्पट धरायला काय हरकत आहे? हे ऐकून पुतण्या गप्प झाला, कारण पहिला भाग खरा होता. चाक दुप्पट वेगाने फिरलं तर एका उजेडापासून दुसऱ्या उजेडापर्यंत प्रत्येक रेघ दोन घरं पुढे जाईल, आणि दिसायला चित्र तेच. मला तर ११.४ हा आकडा मनातून आवडायलाही लागला होता.

तेवढ्यात अण्णा म्हणाले, "एक रेघ लाल करा की."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"दहातली एकच लाल करा. एकेक घर चालत असली तर तिचा रंग सगळ्या दहांवर पडंल. दोन-दोन घरं उडत असली तर पाचांवरच पडंल, एक आड एक. असं न्हाई काय?" आणि त्यांनी गुलाबी पावडर काढून हाताने दाखवलं. जो माणूस आरशात उलट्या दिसणाऱ्या डोक्यावर सुलटी कात्री चालवतो, त्याला अशी गणितं बोटांवर येतात.

लाल खडू वाण्याने दिला. पुन्हा हवा, पुन्हा धुकं, पुन्हा रेघा. दहाच्या दहा रेघा गुलाबी. सहाशेच. प्रोनीसाहेब असते तर त्यांनी अण्णांना पॅरिसला नेलं असतं.

साहेब इतक्यावर ऐकतील तर ते साहेब कसले! त्यांनी स्वतःचं गणित केलं. ओझं काढून इंजिन मोकळं पळवलं तर १,५०० फेऱ्या. (हे त्यांनी कसं मोजलं, ते कालव्यांनाच ठाऊक, तरी पुतण्या म्हणाला, जवळपास असेल.) आणि इंजिन जागच्या जागी थांबवायला ३५० ग्रॅमचा जोर लागतो. दोन्हींचा गुणाकार : साडेसत्तावीस वॅट!

"पण साहेब, एक आकडा पळतानाचा आणि एक थांबतानाचा. दोन्ही एकाच वेळी कसे होतील?"

"जास्तीत जास्त क्षमता अशीच काढतात," साहेब म्हणाले.

लग्नाच्या बायोडाटात असंच असतं. उंची टाचेच्या चपलेसकट, पगार ओव्हरटाइमच्या महिन्याचा आणि फोटो आठ वर्षांपूर्वीचा. प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर खरी. त्या सगळ्यांचा गुणाकार होऊन जो जावई तयार होतो तो प्रत्यक्षात कधीच घरी येत नाही.

रात्री टॅली लागली. ५.७ वॅट, म्हणजे ७४६ वॅटच्या घोड्याचा एकशे एकतिसावा भाग. पुतण्या म्हणाला, "मेट्रिक घोडा घ्या काका, तो जरा बारका असतो, ७३५ वॅटचा. त्यात एकशे एकोणतिसावा होईल." दोन इंजिनांची सूट मिळाली. बाकीचं, म्हणजे कागदावरच्या ३१ मधलं २५ कुठे गेलं, ते माझ्या कानशीला ठाऊक. पिस्टनच्या कडेने हवा फुसफुसत होती आणि ग्लँडचं पॅकिंग मी आवळ आवळ आवळलं होतं. गळू नये म्हणून जेवढं आवळावं तेवढं इंजिन स्वतःशीच कुस्ती खेळत होतं.

आम्ही हे सगळं बोलत असताना ही गिरणीतून ५ किलो पीठ घेऊन जिना चढून आली. पुतण्याच्या हातात घड्याळ होतंच.

"पंधरा सेकंद. काकू, तुमचं वजन किती?"

"का?"

"पॉवर काढतोय."

तिने वजन सांगितलं नाही, पिठाचा डबा त्याच्या हातात दिला. त्याने मनातल्या मनात पिठासकट ६५ किलो धरलं, ३ मीटर जिना धरला आणि हळूच मला वही दाखवली : साधारण १२७ वॅट. आमची बावीस इंजिनं.

मी तोंड मिटून बसलो होतो. पण वही तिने वाचली. "बावीस? मग उद्यापासून त्यातली पाच गिरणीत पाठवा," ती म्हणाली. "उरलेल्यांनी भांडी घासली तरी चालेल."

पितळी पट्टी मी काढली. पाट्या कोरणाऱ्याने पुसायचे वेगळे आणि कोरायचे वेगळे पैसे सांगितले, तेव्हा पट्टी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर कोरून घेतलं : ५.७ वॅट, ६०० फेरे, हवा २ किलो. परवा मेहुणे आले. त्यांनी ती वाचली, बराच वेळ चहा फुंकला आणि म्हणाले, "भावजी, म्हणजे अर्ध्यापेक्षा वाढला की हो आकडा!" मी त्यांना अडवलं नाही.

तेव्हापासून मी ग्लँड दोन आटे सैल केली आहे, पिस्टनला नवी रिंग घातली आहे आणि आवाजावरून वाटतं की इंजिन आता सातच्या पुढे गेलं असावं. पण 'वाटतं' हा शब्द मी सोडला आहे. पुन्हा मोजायला हवं, आणि पंचाईत अशी की गेल्या आठवड्यात अण्णांनी आरशावर नवीन एलईडी लावली. ती लुकलुकतच नाही. तिच्या उजेडात चाक नुसतं फिरताना दिसतं. तेव्हा मंगळवार पेठेत किंवा आसपास कुणाच्या माळ्यावर चोकची जुनी, चालू ट्यूबलाइट पडून असेल तर दाजींच्या दुकानात निरोप ठेवावा. पट्टीसहित घेऊ. मीठ आमचं.